स्किमरच्या कपातली मळी

गुऱ्हाळात उसाचा रस तापला की कढईवर करडा फेस जमतो. त्याला मळी म्हणतात, आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीखाली ‘संप’ नावाची उपकरणांची छोटी टाकी असते. तिच्यात बसलेला प्रोटीन स्किमर चोवीस तास हेच काम करतो, फक्त आच न लावता, हवेच्या जोरावर. प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, माशांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव यांच्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसरं पाण्यापासून पळतं. असे रेणू बुडबुड्याला चिकटून वर चढतात, नेकमध्ये, म्हणजे स्किमरच्या अरुंद गळ्यात, फेस दाटतो, त्यातलं पाणी निथळतं आणि उरलेलं वरच्या कपात सांडतं. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) क्षारतेला ते बारीक राहतात, म्हणून घरगुती स्किमर खाऱ्याच टाकीचा.

आता कपात नेमकं काय असतं? बहुतांश टाकीचंच पाणी, मिठासकट. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९-१०च्या सुमारास हे तपासून पाहिलं. घन भागात कॅल्शियम कार्बोनेट आणि सिलिका भरपूर निघाली, सेंद्रिय कार्बनचा वाटा त्यामानाने कमी. त्यांच्या चाचण्यांत स्किमरने पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच काढला, पुढे तो अडला. म्हणून डांबरासारखा कप दाखवून ‘माझी टाकी एकदम स्वच्छ’ म्हणण्यात अर्थ नाही. नायट्रेट आणि फॉस्फेटचे आयन बुडबुड्याला चिकटत नाहीत. अन्नाचा चुरा, विष्ठा कुजण्याआधी जेवढी बाहेर पडेल तेवढं पुढचं नायट्रेट टळतं, साचलेलं तसंच राहतं. त्यासाठी पाणी बदलणं किंवा रिफ्युजियममधलं, म्हणजे शेवाळ वाढवायच्या वेगळ्या कप्प्यातलं, शेवाळ कापून काढणं हेच उपाय.

रंगापेक्षा बदल वाचावा. कपावर मार्करने खूण करून रोजचा मिलिलिटरचा आकडा लिहून ठेवला तर महिनाभरात टाकीचा स्वभाव कळतो. हिरवट झाक म्हणजे पाण्यात शेवाळ तरंगतंय. तळाला पांढरी भुकटी बसत असेल तर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषायची क्षमता) वाढवणाऱ्या द्रावणाचा किंवा चुन्याच्या निवळीचा डोस जास्त होऊन कॅल्शियम कार्बोनेट सुटतंय का ते तपासावं. खाणं तेवढंच असताना एका रात्रीत कप दुप्पट भरला आणि वास उग्र आला, तर मासे आणि शंख मोजा. दगडामागे काहीतरी मेलेलं असण्याची शक्यता मोठी.

ओलं स्किमिंग की कोरडं, हा वाद संपणारा नाही. ओलं म्हणजे कोऱ्या चहाच्या रंगाचं, भरपूर. कोरडं म्हणजे दाट, काळपट, थोडं. ओलं केल्यास घाण जरा जास्त जाते, पण मीठही जातं. ३०० लिटरच्या टाकीत सुमारे साडेदहा किलो मीठ असतं. रोज एक लिटर ओलं काढलं आणि ऑटो टॉप-अपने (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेने) त्या जागी आरओ फिल्टरचं बिनमिठाचं पाणी भरलं, तर आठवड्यात जवळपास २४५ ग्रॅम मीठ कमी होतं, म्हणजे ३५ची क्षारता ३४.२वर. महिनाभर दुर्लक्ष केलं तर प्रवाळ आधी तक्रार करतात. आमच्या मते मध्यम गडद बरं, आणि क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आठवड्यातून एकदा.

फेसच येत नसेल तर पहिली नजर संपच्या पातळीवर. बहुतेक स्किमर १८ ते २३ सेंटिमीटर पाण्यात बसतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पातळी दोन सेंटिमीटर उतरली तरी फेस नेकच्या तळाशीच घुटमळतो. पुण्यात याचा गुरुवारशी संबंध आहे. बऱ्याचदा त्या दिवशी देखभालीसाठी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने. आरओ चाललाच नाही, टॉप-अपचा ड्रम रिकामा, त्यात एप्रिलची कोरडी हवा. शुक्रवारी कप कोरडा दिसला तर स्किमर उघडण्याआधी ड्रम बघा.

त्या दिवशी टँकरचं किंवा बोअरचं पाणी घेतलंत तर आणखी एक भानगड. काळ्या पाषाणातल्या पाण्यात सिलिका असते, आरओची मेम्ब्रेन ती पूर्ण अडवत नाही आणि टीडीएस मीटरला (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) ती जवळपास दिसतच नाही. आरओनंतर उरलेले आयन धरणारं डीआय रेझिन संपत आलं की सिलिका लवकर निसटते, मीटर मात्र शून्यच दाखवतो. मग काचेवर तपकिरी डायटमचा (सिलिकावर वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा) थर आणि कपात तसाच गाळ. स्वयंपाकघरातले बरेच प्युरिफायर तर टीडीएस राखायला कच्चं पाणी मुद्दाम मिसळतात, त्यांचं पाणी टाकीत नकोच.

दुसरी नजर हवेच्या नळीवर. तोंडाशी मिठाचा खडा जमतो आणि हवा निम्मी होते. कोमट आरओचं पाणी नळीतून ओढू द्यावं, पंपाचा आवाज लगेच बदलतो. नळीचं तोंड फोडणीच्या आणि उदबत्तीच्या धुरापासून लांब ठेवा. हात बुडवल्यावर किंवा तेलकट गोठवलेलं खाणं घातल्यावर फेस काही तास बसतो, तेव्हा स्क्रू फिरवत बसू नये. नेकच्या आत मात्र दुधाच्या पातेल्याच्या खरवडीसारखं तपकिरी कडं धरतं. त्या चिकट थरावर फेस फुटतो. दर दोन-तीन दिवसांनी नेक कागदाने पुसायचा, साबण अजिबात नाही. पंपाचा इम्पेलर (आतला फिरता पंखा) तीन महिन्यांनी व्हिनेगर-पाण्यात रात्रभर. नवा स्किमर पहिले आठ-दहा दिवस वेडावाकडा वागतो, तो रुळेपर्यंत थांबा.

कप भसाभसा भरणं हा उलटा प्रकार. क्लोरीन काढायचं औषध, प्रवाळ चिकटवायची इपॉक्सी, सायनोबॅक्टेरिया मारायची पावडर, यांपैकी काही पडलंय का ते आठवा. पडलं असेल तर कप काढून हवा चालू ठेवावी. वीज जाऊन आल्यावरही हेच होतं. संपमधलं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप थांबला की वरच्या टाकीचं पाणी संपमध्ये उतरतं, पातळी चढते, आणि वीज येताच स्किमर त्या उंचीवर सुरू होऊन आठवड्याची मळी परत पाण्यात ओततो. स्किमरच्या प्लगला दहा मिनिटांचा डिले टायमर लावला की हे थांबतं.

कप कमोडमध्ये रिकामा करा. ‘सेंद्रिय खत’ म्हणून कुंडीत ओतणारे भेटतात. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे जवळपास सहा चहाचे चमचे, कोणत्या तुळशीला चालेल?