तुम्ही विचारलंत म्हणून: तो रंग कशाला?

"गाणी बरी आहेत हो, पण तोंडाला रंग फासायची काय गरज होती?" आमच्या बैठकीत डेव्हिड बोवी या इंग्लिश रॉक गायकाच्या 'अलॅडिन सेन' अल्बमचं कव्हर फ्रेम करून लावलंय, चेहऱ्यावर लाल-निळी वीज रंगवलेलं. घरी येणारा जवळपास प्रत्येक जण ते बघून हेच विचारतो. परवा व्याह्यांनीही विचारलं. आता एकदाच सांगतो.

कित्येक वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं: रंगाकडे बघू नका, मिक रॉन्सन ऐका. इंग्लंडातल्या हल गावचा हा गिटारवाला बोवीकडे येण्याआधी तिथल्या नगरपालिकेच्या बागांमध्ये माळीकाम करायचा. लहानपणी पियानो आणि व्हायोलिन शिकलेला. १९७१ च्या 'लाइफ ऑन मार्स?'मध्ये व्हायोलिनांचा जो लोट चढत जातो, ती रचना त्याची. १९९३ मध्ये यकृताच्या कर्करोगाने गेला, अवघ्या ४६ व्या वर्षी. यातला शब्दन् शब्द मी आजही तावातावाने सांगेन. पण तुम्ही विचारलं होतं रंगाबद्दल, आणि मी ते टाळत होतो.

१९८९. सांगली. धाकटा भाऊ अकरावीत, मी त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला. मामा बोटीवर होता. त्याने आणलेल्या कॅसेटी आम्ही दोघांनी टेप खरखरेपर्यंत ऐकलेल्या. गॅदरिंगला भावाने मला न सांगता नाव दिलं. स्टेजवर आला तेव्हा कपाळापासून गालापर्यंत तीच कव्हरवरची वीज: आईच्या करंड्यातल्या कुंकवाने लाल, कडेला पोस्टर कलरची निळी. कॅसेट लावून तिच्याबरोबर गाऊ लागला. दोन ओळी झाल्या असतील, मागून कुणीतरी टाळी वाजवली. कुणाची नक्कल म्हणून वाजवतात ती टाळी, तुम्हाला माहीत आहे. मग शिट्ट्या. मग माइकवरून फिशपाँड. तो गायचा थांबला, कॅसेट चालूच राहिली. घामाने कुंकू ओघळून कॉलरवर आलेलं. त्याने गर्दीत मला शोधलं. मी तिसऱ्या रांगेत मित्रांबरोबर होतो आणि हसत होतो, सगळ्यांइतक्याच मोठ्याने. त्याने ते पाहिलं.

रात्री मोरीत किती वेळ तोंड धूत होता. बाहेर येऊन म्हणाला, "दादा, कॅसेट तिथेच राहिली." मी ती आणायला गेलो नाही. गालावरचा लाल डाग पुढे दोन-तीन दिवस दिसत होता.

मी वीस वर्षांचा होतो, मित्रांसमोर वेगळं काय करणार होतो, असं स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पटतंही कधीकधी.

पुढे मी बालगंधर्वांचा दाखला द्यायला लागलो. शालू नेसलेल्या पुरुषाला डोक्यावर घेणारे आपण, आपल्याला बोवीचं काय वावडं? समोरचा गप्प व्हायचा. पण तीही पळवाटच. प्रेक्षकाला समोर बाईच दिसावी, हे बालगंधर्वांचं कसब. बोवीला बाई दिसायचंच नव्हतं. १९७१ मध्ये डोळ्यांखाली चमकी लावून टीव्हीवर आलेल्या मार्क बोलन या इंग्लिश गायकालाही नाही. ६ जुलै १९७२ ला बीबीसीवर 'स्टारमॅन' गाताना बोवीने रॉन्सनच्या खांद्यावर हात टाकला, घराघरांत आईबापांच्या देखत. तो रंग कशाला, तर याचसाठी. पुरुषाने असंही उभं राहायला हरकत नाही, हे नुसत्या गिटारीतून कळलं नसतं. रॉन्सनलाही ते झगमगीत कपडे सुरुवातीला नको होते. तरी तो शेजारी उभा राहिला, खांद्यावरचा हात राहू दिला.

भावाला या गाण्यांबद्दल विचारलं तर म्हणतो, "आवडायची तेव्हा." खरंच सुटली, की माझ्यासमोर ऐकत नाही, मला कळलेलं नाही. कव्हर त्याच्यासाठी लावलं की माझ्यासाठी, तेही नाही. दिवाळीला येतो तेव्हा त्या भिंतीला पाठ लावून बसतो. ती त्याची नेहमीची जागा आहे, कव्हर लावायच्या आधीपासूनची.