एकाच कपाटातले दोन जोड

नाताळच्या आधीचा आठवडा आमच्या म्हापशाच्या दुकानात तळ सुटलेल्या बुटांचा असतो. इंग्लंडातल्या स्विंडनसारख्या शहरांत किंवा आखाती देशांत स्थायिक झालेली गोव्याची माणसे डिसेंबरात घरी येतात, पाच-सहा पावसाळे बंद राहिलेली घरे उघडतात आणि कपाटात जपून ठेवलेला चांगला जोड बाहेर काढतात. वरून तो नवाकोरा दिसतो. पायात घालून चार पावले टाकली की फरशीवर काळा चुरा पडतो आणि सोल शिळ्या पावासारखा तुकड्या-तुकड्यांनी हातात येतो. मग संशय प्रथम बूट विकणाऱ्यावर, नंतर उंदरांवर आणि शेवटी घराची किल्ली सांभाळणाऱ्या शेजाऱ्यावर जातो.

२०२३ साली २२ डिसेंबरला, दुपारी दुकान बंद करण्याच्या बेतात असताना, हळदोण्याकडचे एक वृद्ध गृहस्थ आपल्या चाळिशीतल्या मुलाला घेऊन आले. अंकलनी आयुष्यभर बोटीवर नोकरी केलेली. निवृत्तीनंतर काही वर्षे मुलाकडे स्विंडनला राहिलेले. कापडी पिशवीतून त्यांनी दोन जोड काढून माझ्या ऐरणीशेजारी ठेवले. दोन्ही गडद तपकिरी, दोन्ही नाडीचे, दोन्ही आठ नंबरचे आणि दोन्ही एकाच नामांकित इंग्लिश कंपनीचे. एक अंकलनी १९८६ साली साउथॅम्प्टनला बोट लागली असताना विकत घेतलेला, दुसरा मुलाने २०१४ साली स्विंडनमध्ये घेऊन इथे फक्त समारंभांसाठी ठेवलेला. घर बंद झाले तेव्हा दोन्ही जोड एकाच कपाटाच्या एकाच फळीवर राहिले होते. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण त्यांचा असा बिघडलेला माझ्या हाती आला तो एकच जोड, आणि एका जोडावरून निवाडा करण्याची आमच्या धंद्यात रीत नाही.

"हें पळय," असे म्हणून अंकलनी मुलाचा बूट उलटा केला. पुढच्या चवड्याखालचा सोल निघून गेला होता आणि राहिलेल्या भागाला बोट लावताच चिकट काळा गाळ लागत होता. त्यांच्या स्वतःच्या बुटांवर बुरशीचा पांढरट थर होता, बाकी ते उभे होते. अंकलना २४ तारखेच्या मध्यरात्रीच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, ते घालायचे होते. मुलगा मात्र चिडला होता. त्याने बुटाची जीभ उलटून आतली पट्टी मला दाखवली आणि म्हणाला, की बूट इंडियात बनला आहे, मग दुसरे काय होणार.

हे वाक्य त्याने माझ्यासमोर बोलावे हा योगायोगच म्हणायचा. माझे वडील सावंतवाडीहून म्हापशाला आले आणि शुक्रवारच्या बाजारात बसता बसता त्यांनी हे दुकान उभे केले. मी मात्र पादत्राणांच्या तंत्राचा पदविका अभ्यासक्रम करून २००५ ते २०११ अशी सहा वर्षे तामिळनाडूतल्या आंबूरला एका निर्यात कारखान्यात काढली आहेत. आंबूर, वाणियंबाडी आणि राणीपेट हा सारा पट्टा चामडे कमावण्यावर आणि परदेशी नावांचे बूट शिवण्यावर जगतो. तेव्हा इंडियात बनलेला हा बूट ज्यांनी बनवला त्यांच्यात मी कधी काळी बसलो होतो. मी वाद घातला नाही. दोन्ही जोड उघडून दाखवतो, असे सांगून मी शटर अर्धे खाली ओढले.

प्रथम अंकलचा जोड घेतला. कडेच्या खाचेत रापी घालून बाहेरच्या तळाचे टाके कापले, तेव्हा चामड्याचा सोल वहीच्या पुठ्ठ्यासारखा अलगद सुटून आला आणि बुटाला मात्र काहीच झाले नाही. याचे कारण त्याच्या बांधणीत आहे. आतल्या जाड चामडी तळव्याला कडेने एक उंचवटा असतो; त्याला वरचे चामडे आणि वेल्ट नावाची चामड्याची पट्टी अशी दोन्ही एकत्र शिवलेली असतात आणि बाहेरचा सोल फक्त त्या पट्टीला शिवतात. म्हणजे सोल झिजला तर पट्टीचे टाके उसवून नवा घालायचा, अंगाला हात लावायचा नाही. या बांधणीला गुडइयर वेल्ट म्हणतात. टायरमुळे ते नाव आपल्या ओळखीचे असले, तरी ही शिवण यंत्रावर आणणारा चार्ल्स गुडइयर ज्युनिअर हा रबर टिकाऊ करणाऱ्या गुडइयरचा मुलगा होता, आणि टायरच्या कंपनीने नुसते बापाचे नाव उचलले. दोन तळांमधल्या पोकळीत बुचाचा भुसा भरला होता; तो वाळून तडकला होता, पण त्यावर अंकलच्या पावलाचा ठसा इतका स्पष्ट उमटलेला होता की मुलाने वाकून तो पाहिला. कमानीखालची पोलादी पट्टी गंजली होती, टाचेचे खिळेही गंजले होते. सदतीस वर्षे आणि गोव्यातले पावसाळे, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, एवढे सोसून नुकसान काय, तर बूच, पोलादी पट्टी, खिळे आणि तळ. यातली प्रत्येक वस्तू बदलता येते.

मग मुलाचा जोड घेतला. सुरुवात मी वरून केली, कारण मला ते त्याला दाखवायचे होते. चामड्याच्या कडा पातळ तासून आत दुमडलेल्या होत्या, टाके एका लयीत पडलेले होते, जिथे शिवण संपते तिथे ती मागे फिरवून पक्की केलेली होती. आंबूरला या कामाला क्लोजिंग म्हणतात आणि ते बहुतेक बायका करतात. पहाटेच्या बसने आसपासच्या खेड्यांतून येऊन त्या दिवसभर तेच टाके घालतात. वडिलांच्या इंग्लिश जोडाशेजारी ठेवून पाहिले तर या जोडाची शिवण अधिक नेटकी होती, आणि हे अंकलनीही चष्मा लावून मान्य केले.

आता तळ. या बुटालाही कडेने वेल्टची पट्टी आणि तिच्यावर टाके होते. रापीने मी ते टाके उचकटले, तेव्हा ते कशालाच धरून नव्हते. पट्टी सोलच्याच साच्यातून आलेली, टाके शोभेचे. सारा बूट केवळ सरसावर, म्हणजे आजच्या भाषेत ॲडहेसिव्हवर चिकटवलेला होता. आतला तळवा चामड्याचा नव्हता, लगद्याच्या बोर्डाचा होता, आणि दमट हवेने त्याचे पापुद्रे सुटले होते. बुचाच्या जागी पातळ स्पंज, पोलादी पट्टीच्या जागी प्लॅस्टिकची कांब.

सोल होता पॉलियुरेथेनचा. वजनाला हलका, पायाला मऊ, साच्यात ओतून काही मिनिटांत तयार होणारा हा पदार्थ वाईट नाही, पण त्याच्या स्वस्त आणि जास्त वापरातल्या प्रकाराला एक खोड असते. हवेतली वाफ त्याच्यात शिरते आणि त्याच्या रेणूंची साखळी एकेका दुव्याने तोडत जाते. उष्मा आणि दमटपणा जितका अधिक तितके हे लवकर होते, म्हणजे गोव्यातले बंद कपाट हे त्याच्यासाठी मुद्दाम बांधलेले यंत्रच समजायचे. बूट घाला अथवा न घाला, ओतल्या दिवसापासून त्याची घटका भरत असते. उलट रोज वापरातला जोड न वापरलेल्या जोडापेक्षा जास्त टिकतो असाच माझा अनुभव आहे. जपून ठेवल्यामुळे जोड गेला, हे गिऱ्हाइकाला पटवणे हे माझ्या डिसेंबरातले सर्वात कठीण काम असते. पाण्याला दाद न देणारा पॉलियुरेथेनचा दुसरा प्रकारही मिळतो. तो महाग पडतो.

मुलाने विचारले, की मग हे बनवणाऱ्यांना कळत नव्हते का. तेव्हा मी त्याला आंबूरचा एक दिवस सांगितला. युरोपातल्या एका गिऱ्हाइकाचा तंत्रज्ञ कारखान्यात आला होता. तोच बूट, तेच कलबूत, म्हणजे ज्यावर चामडे ओढून बुटाला आकार देतात तो पावलाचा साचा, तोच रंग, पण प्रत्येक जोडामागे ठरावीक रक्कम कमी करून हवी होती. समोर खर्चाचा तक्ता होता आणि त्यातली एकेक ओळ तो खोडत गेला: चामडी तळव्याऐवजी बोर्ड, पोलादाऐवजी प्लॅस्टिक, अस्तराला चामड्याऐवजी कृत्रिम कापड, वेल्टऐवजी चिकटवलेला सोल. मजुरीच्या ओळीला त्याने हातही लावला नाही, कारण ती आधीच इतकी कमी होती की तिच्यातून काही निघण्यासारखे नव्हते. वरून दिसणारी एकही गोष्ट त्याने बदलली नाही. नवा नमुना तयार झाल्यावर आमच्या लास्टिंगच्या, म्हणजे चामडे कलबुतावर ओढण्याच्या, मेस्त्रींनी तो हातात फिरवला आणि तमिळमध्ये एवढेच म्हणाले, की हा बूट उभा राहील, चालणार नाही. त्याच शेडमध्ये दुसऱ्या बाजूला आणखी एका गिऱ्हाइकासाठी खरा वेल्टचा बूट बनत होता. त्याने पैसे मोजले होते आणि तो प्रत्येक दहाव्या पेटीतला एक जोड आडवा कापून पाहत असे. त्या लाइनवरचे जोड मी अजूनही ओळखतो. त्यातला एक पर्वरीच्या एका डॉक्टरांकडून माझ्याकडे तिसऱ्या सोलसाठी आला होता.

कारखाने परदेशी गेल्यामुळे काहीच बिघडले नाही, असे मात्र मला म्हणायचे नाही. डॉ. मार्टेन्सचा पहिला बूट १ एप्रिल १९६० रोजी नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या वॉलस्टनला बनला. २००३ साली कंपनीने जवळजवळ सगळे उत्पादन आशियात हलवले आणि २००७ साली त्याच जुन्या कारखान्यात थोडे उत्पादन पुन्हा सुरू केले, जे 'मेड इन इंग्लंड' म्हणून वेगळ्या, चढ्या किमतीला विकले जाते. क्लार्क्सचे मूळ गाव सॉमरसेटमधले स्ट्रीट. १८२५ साली सुरू झालेल्या या घराण्याच्या कारखान्यांतले इंग्लंडातले उत्पादन या शतकाच्या पहिल्या दशकात जवळपास थांबले. अशा गावांत बूट आखणारा आणि कलबुतावर ओढणारा एकाच रस्त्याने घरी जात असत. खोट निघाली तर ती संध्याकाळपर्यंत आखणाऱ्याच्या टेबलावर पोचत असे. आंबूरहून खोट कळवायला आम्हाला ईमेल लिहावा लागे, आणि उत्तर येईपर्यंत माल चेन्नईच्या बंदरात गेलेला असे. शिवाय बंद कंटेनरमध्ये घामेजत तीन-चार आठवडे समुद्र ओलांडणे हे बुटांनाही मानवत नाही. सर्वात वाईट म्हणजे ऑर्डर एका जागी राहत नाही. जोडामागे चार पैसे कमी मिळाले की ती पुढच्या देशात जाते, आणि मागच्या शेडमधल्या लोकांनी त्या बुटाबद्दल जे काही शिकलेले असते ते तिथेच राहते.

पण देश बदलणे ही एक गोष्ट आणि तक्त्यातल्या ओळी खोडणे ही दुसरी. दोन्ही एकाच काळात, एकाच कारणासाठी घडल्यामुळे गिऱ्हाईक पट्टीवरचे देशाचे नाव वाचतो आणि तिथेच थांबतो. पॉलियुरेथेनचे सोल युरोपातल्या कारखान्यांतही ओतले जात होते आणि कपाटात त्यांचाही चुराच होतो. मला राग येतो तो त्या शोभेच्या टाक्यांचा. बोर्ड घाला, स्पंज घाला, बूट स्वस्त विका; पण जुन्या बुटाची हाडे काढून घेऊन त्याचा चेहरा तेवढा ठेवायचा आणि किंमतही चेहऱ्याचीच घ्यायची, हे मला मान्य नाही. आंबूरला ते साचे मीही मंजूर केले होते, हेही त्या दुपारी मी मुलाला सांगितले. तो काही बोलला नाही. अंकल मात्र हसून म्हणाले, "म्हणजे चोर दुकानातच आहे."

दोन रात्री बसून मी अंकलचा जोड पुरा केला. नवे बूच भरले, पोलादी पट्टी बदलली, आणि आमच्याकडे तळ शिवण्याचे यंत्र नसल्यामुळे मेण लावलेल्या दोऱ्याने, आरीने जुनीच भोके शोधत, नवा चामडी तळ हाताने शिवला. वेल्टची पट्टी मूळचीच ठेवली. त्याचे २,८०० रुपये झाले. मुलाच्या जोडाचा गाळ खरवडला, पापुद्रे सुटलेला तळवा काढून त्या जागी चामड्याचा घातला आणि खाली साध्या रबराचा सोल चिकटवून कडेने शिवून दिला. त्याचे ९०० रुपये घेतले आणि वर्षभराच्या पुढची हमी देणार नाही, असे स्पष्ट सांगितले. बुटाची मूळची ऐट त्यात राहिली नव्हती. तळ जरा जाडच दिसत होता.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुलगा परत जाण्याआधी एकटाच दुकानात आला. दोन्ही जोड कपाटात ठेवून जाऊ का, असे तो विचारत होता. बूट कपाटात ठेवू नका, पायात ठेवा, असे मी म्हणालो. अंकल आता इथेच राहणार होते आणि मापही एकच होते. वडिलांचा जोड तो स्विंडनला घेऊन गेला. मुलाचा जोड घालून अंकल दर शुक्रवारी बाजाराला येतात, आणि दुकानासमोर थांबून, एका हाताने दाराची चौकट धरून, तळ दाखवण्यासाठी पाय वर करतात.