लाल शाईच्या नोंदी

मी तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. मागच्या मे महिन्यात खालच्या कपाटाला वाळवी दिसली आणि सगळी पुस्तकं बाहेर काढायची वेळ आली. अध्यक्ष म्हणाले, आता काढलीच आहेत तर जी दहा वर्षांत कोणी नेली नाहीत ती बाद करून टाका, जागा होईल. ऐकायला बरोबरच वाटतं, म्हणून मी आणि शिपाई तारखेच्या चिठ्ठ्या बघत बसलो.

पहिल्या तासातच घोळ कळला. केतकरांचा ज्ञानकोश, १९२० च्या दशकातलं काम, २३ खंड, ते एकही घरी जात नाहीत कारण कोश आपण घरी देतच नाही, इथेच बसून बघायचे, म्हणजे चिठ्ठी कोरी. नियमाप्रमाणे पहिला नंबर त्याचाच!! मी गुपचूप बाजूला ठेवले. दुसरीकडे एक जाड कादंबरी, एकेकाळी बक्षीस मिळालेली (नाव नको), कागद अजून पांढराशुभ्र, आणि चिठ्ठीवर तारखा किती तर दोन. त्यातली एक माझीच, आणि खरं सांगायचं तर मी पण अर्ध्यात सोडली होती.

तेवढ्यात एक मुलगी आली, एमए करते, प्रबंधासाठी बाबूराव अर्नाळकर हवे होते. म्हणलं चल बघू, आपल्याकडे ढीग असणार. या माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार, काळा पहाड, धनंजय, आमच्या वडिलांची पिढी ही पुस्तकं रांग लावून न्यायची. दाखल नोंदवही काढली तर पानंच्या पानं अर्नाळकर, आणि प्रत्येक ओळीपुढे लाल शाईत एकच शेरा, जीर्ण, बाद. जीर्ण, बाद. कपाटात एक प्रत नाही.

मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे टाकाऊ म्हणून काढली का?" मी आधी हो म्हणणारच होते, कॉलेजात आम्हाला हेच शिकवलेलं ना, की लोकप्रिय ते उडून जातं आणि चांगलं ते टिकतं. पण शेऱ्यात टाकाऊ असं कुठेच नव्हतं. स्वस्त कागद, दोन पिना मारलेल्या, कोकणातल्या दमट हवेत पिना गंजतात, त्यात शंभर हातांतून फिरलेलं पुस्तक, ते टिकणार कसं? वाचून वाचून संपलं ते. आणि जे पांढरंशुभ्र टिकलंय ते कोणी हात न लावल्यामुळे.

पण मग श्यामची आई बघितली. साने गुरुजींचं पुस्तक, १९३५ चं, तेही फाटून फाटून बाद, पण तिथे प्रत्येक लाल ओळीनंतर काही पानांनी परत नवीन दाखल क्रमांक, परत बाद, परत नवीन. अर्नाळकर परत कोणी घेतलेच नाहीत. आता हा गुणाचा फरक की अनुदानाच्या पैशातून रहस्यकथा घ्यायची कमिटीला लाज, ते मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही असेल. तेव्हाच्या कमिटीत मास्तर मंडळी जास्त होती एवढं माहीत आहे.

पेपर वाचायला रोज येणारे एक काका हे सगळं ऐकत होते. "अगं पोरी, थांब," म्हणाले आणि घरी जाऊन एक पुस्तक घेऊन आले, सुतळीने बांधलेलं, कव्हर नाही, शेवटची चार पानं नाहीत. पाहिलं तर आतल्या पानावर आमचाच शिक्का. पन्नासेक वर्षं ठेवून घेतलेलं! दंडाचा विषय मी काढला नाही.

मुलगी म्हणाली, काका, शेवट गेला की, खून कोणी केला?

"कोणी म्हणजे? सांगतो ना." काकांनी खुर्ची ओढली, मुलीने मोबाईल रेकॉर्डिंगला लावला, आणि पुस्तकं बदलायला आलेल्या दोघीजणी पिशव्या काउंटरवर ठेवून तशाच उभ्या राहिल्या.