भर पावसाळ्यात मुंबईतून धूमकेतू आणि लघुग्रह टिपताना

मुंबईच्या उपनगरात राहून धूमकेतूचे छायाचित्र काढायचे म्हटले की दिव्यांनी रात्रभर उजळलेले आकाश आणि जूनपासूनचा पावसाळा या दोन अडचणी लगेच समोर येतात. पहिलीवर उपाय म्हणून इथले हौशी निरीक्षक शहराच्या दिव्यांपासून दूर असलेल्या वांगणीची लोकल पकडतात. दुसरीपुढे मात्र कोणाचेच काही चालत नाही. 2024 च्या जूनमध्ये त्सुचिनशान–अॅटलस हा धूमकेतू सूर्याकडे निघालेला होता, त्याची चर्चा सगळीकडे सुरू होती, आणि इकडे मोसमी पाऊस दाखल झाला होता. तेव्हा मी इंटरनेटवरून चालवता येणाऱ्या भाड्याच्या दुर्बिणींकडे वळले.

मी आयटेलिस्कोप या सेवेचे सभासदत्व घेतले. सायडिंग स्प्रिंग (ऑस्ट्रेलिया), युटा, स्पेन आणि चिली इथे तिच्या दुर्बिणी आहेत. पैसे भरून गुण विकत घ्यायचे आणि दुर्बीण वापरली जाईल तसे ते खर्ची पडतात. आकाशात चंद्र मोठा असेल तेव्हा दरात सवलत मिळते. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घेणे एवढाच काय तो सुरुवातीचा खटाटोप होता.

खरा विचार करावा लागला तो वेळेचा. सायडिंग स्प्रिंग हे न्यू साउथ वेल्समध्ये कूनाबराब्रनजवळ आहे आणि हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते. जूनमध्ये तिथे पूर्ण काळोख पडतो तेव्हा मुंबईत दुपारचे दोन वाजून गेलेले असतात. त्या काळोखात धूमकेतू उत्तरेला चांगला उंच असे आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळे. त्यामुळे माझे आरक्षण नेहमी जेवणाच्या सुट्टीच्या शेवटाला पडे; फोर्टातल्या कचेरीच्या खिडकीबाहेर पाऊस कोसळत असे आणि फोनच्या पडद्यावर तिथल्या सर्वाकाश (संपूर्ण आकाश दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यात आकाशगंगेचा पट्टा स्वच्छ दिसत असे. आरक्षण करण्यापूर्वी हा कॅमेरा पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण ढगांचा अंदाज वाचण्यापेक्षा ढग प्रत्यक्ष पाहणे केव्हाही बरे.

दीर्घिका किंवा तेजोमेघ टिपताना दुर्बिणीला नाव सांगितले की काम भागते, कारण ती वस्तू ताऱ्यांच्या संदर्भात जागची हलत नाही. धूमकेतू आणि लघुग्रह हलतात, आणि पुढचे सगळे निर्णय त्या हलण्याभोवती फिरतात. किती सेकंदांचे एक्सपोजर द्यायचे, म्हणजे एका चित्रासाठी किती वेळ प्रकाश गोळा करायचा, याचे गणित सोपे आहे. चित्रात ताऱ्याचा ठिपका जितक्या विकला रुंद असेल (अंशाचा 3600 वा भाग म्हणजे एक विकला), तितके अंतर कापायला वस्तूला जो वेळ लागतो, त्यापेक्षा एक्सपोजर मोठे नसावे. ठिपका तीन विकलांचा आणि वस्तूची गती मिनिटाला सहा विकला असेल, तर तीस सेकंदांच्या वर जाण्यात अर्थ नाही. पुढचा प्रकाश नुसती रेघ लांबवतो. त्या महिन्यात त्सुचिनशान–अॅटलस दिवसाला अर्ध्या अंशाहून कमी सरकत होता, त्यामुळे दोन मिनिटांची एक्सपोजर निर्धास्तपणे देता आली.

एकेक चित्र पाहिले तर निराशाच होते: धुरकट शीर्ष आणि शेपटीचा नुसता भास. अशी अनेक चित्रे एकावर एक बसवावी लागतात, आणि ती ताऱ्यांवर जुळवली तर धूमकेतू पुसट होतो, धूमकेतूवर जुळवली तर तारे रेघा बनतात. डीपस्कायस्टॅकर या मोफत प्रणालीत धूमकेतूसाठी वेगळी सोय आहे. प्रत्येक चित्रात शीर्षाचा मध्य आपण दाखवून द्यायचा. हे काम कंटाळवाणे खरे, पण ते टाळू नये असे माझे मत आहे. शीर्षाचा सर्वांत तेजस्वी बिंदू नेमका कुठे आहे हे वारंवार ठरवता ठरवता शेपूट कोणत्या बाजूने सुरू होते, हे डोळ्याला आपोआप कळू लागते. रंगीत चित्राचा हट्ट मी लवकरच सोडला. लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून चित्रे पाठोपाठ घेतली जातात, तोवर धूमकेतू पुढे सरकतो आणि धूमकेतूवर जुळवले की प्रत्येक ताऱ्याचे तीन रंगांचे तीन ठिपके उमटतात. शीर्षाचा हिरवट रंग द्विआण्विक कार्बनमुळे येतो, हे ठाऊक असले की तो दिसलाच पाहिजे असा आग्रहही उरत नाही.

जूनच्या उत्तरार्धात 2024 एमके या लघुग्रहाची बातमी आली. 16 जूनला दक्षिण आफ्रिकेतील अॅटलस दुर्बिणीने तो शोधला होता आणि 29 जूनला तो पृथ्वीपासून सुमारे 2,95,000 किलोमीटरवरून, म्हणजे चंद्रापेक्षाही जवळून जाणार होता. इतक्या नव्या वस्तूची कक्षा रोज थोडी सुधारत जाते, म्हणून आदल्या आठवड्यात उतरवून ठेवलेली कक्षामूल्ये निरुपयोगी ठरतात. लघुग्रह-धूमकेतूंच्या वेधांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरवरून ती त्याच दिवशी घ्यावी लागतात. स्थानांचे कोष्टक नासाच्या होरायझन्स प्रणालीतून काढताना निरीक्षकाची जागा म्हणून मुंबई न देता दुर्बिणीची जागा द्यायची. सायडिंग स्प्रिंगच्या या दुर्बिणींचा वेधशाळा-संकेत क्यू62 आहे. चंद्राइतक्या अंतरावरील वस्तूसाठी पृथ्वीच्या केंद्रातून आणि पृष्ठभागावरून दिसणाऱ्या दिशांत जवळजवळ एका अंशाचा फरक पडू शकतो, आणि बऱ्याच मोठ्या दुर्बिणींचे दृश्यक्षेत्र जेमतेम अर्ध्या अंशाचे असते. हा फरक, म्हणजे पराशय, धरला नाही तर लघुग्रह चौकटीत येतच नाही.

28 जूनला तो मिनिटाला चाळीस-पन्नास विकलांच्या वेगाने सरकत होता. वरच्या हिशेबाने चार-पाच सेकंदांचेच एक्सपोजर बसत होते, पण तो तेजस्वी असल्याने तेवढे पुरले. लागोपाठची चित्रे अॅस्ट्रोमेट्रिका या स्थानमापनाच्या प्रणालीत आलटून पालटून दाखवली की तारे स्थिर राहतात आणि एकच ठिपका टुणटुण उड्या मारत पुढे जातो. मग गाया तारासूचीतील ताऱ्यांशी तुलना करून त्याचे विषुवांश आणि क्रांती (आकाशातील स्थान सांगणारे दोन आकडे) मोजता येतात. इथे वेळेची अचूकता स्थानाइतकीच मोलाची ठरते: या वेगाने जाणाऱ्या लघुग्रहाची वेळ एका सेकंदाने चुकली तर स्थान पाऊण विकलेने चुकते. म्हणून एक्सपोजरच्या सुरुवातीची नव्हे, तर मध्याची जागतिक वेळ नोंदवायची, आणि तारे गोल आले नसतील ती चित्रे मोजणीतून सरळ काढून टाकायची.

धूमकेतूचे चित्र लोकांना दाखवता येते, लघुग्रहाचा ठिपका कोणाला दाखवावा असा प्रश्न पडतो. तरी मला दुसऱ्या कामात अधिक रस वाटू लागला. जुलैमध्ये धूमकेतूंचे अभ्यासक झ्डेनेक सेकानिना यांनी त्सुचिनशान–अॅटलस सूर्याजवळ पोहोचण्यापूर्वीच विखुरेल असे भाकीत केले होते, पण 27 सप्टेंबरला उपसूर्य बिंदू (कक्षेतील सूर्याच्या सर्वांत जवळची जागा) ओलांडून तो सुखरूप बाहेर आला. धूमकेतूंच्या बाबतीत असे होतच असते. लघुग्रहांच्या बाबतीत मात्र मोजमापे वाढली की अनिश्चितता हटकून कमी होते. 27 डिसेंबर 2024 रोजी सापडलेल्या 2024 वायआर4 ची 2032 मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी 2025 मध्ये 3.1 टक्क्यांपर्यंत चढली होती, आणि संभाव्य पट्ट्यात मुंबईचेही नाव घेतले जात होते. नंतरच्या वेधांनी ती शक्यता पुसून टाकली. ते वेध मोठ्या वेधशाळांचे होते, कारण तोवर तो लघुग्रह भाड्याच्या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेर अंधुक झाला होता. त्याला टिपण्याजोगे दिवस डिसेंबरअखेरीचे होते, आणि तेव्हा त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. म्हणूनच मी आता दुर्बीण राखून ठेवण्याआधी मायनर प्लॅनेट सेंटरची पुष्टीच्या प्रतीक्षेतील वस्तूंची यादी उघडते आणि तिच्यात सतराव्या-अठराव्या प्रतीपेक्षा (प्रत हे तेजस्वितेचे माप; आकडा जितका लहान, तितकी वस्तू तेजस्वी) तेजस्वी असे काही आहे का, ते पाहते.