राउटरखालचा स्टिकर

एकाच ग्राहक बाईंच्या अकरा दिवसांत नऊ तक्रारी आल्या. त्यांपैकी आठ हेल्पडेस्कने सोडवल्याची नोंद होती, आणि नववी माझ्यासमोर आली तेव्हा खात्यावर लाल अक्षरांत शेरा होता: ‘संशयित क्लोन’, म्हणजे दुसऱ्या राउटरच्या ओळखीची नक्कल केल्याचा संशय. तो शेरा दोन दिवसांपूर्वी मीच मारला होता.

आम्ही घरोघरी इंटरनेट पुरवतो. आमचे काम थोडक्यात असे. घरातला राउटर जोडणी मागतो तेव्हा युजरनेम आणि पासवर्डबरोबर त्याचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांकही, कोणाला जोडायचे ते ठरवणाऱ्या आमच्या रेडियस सर्व्हरकडे येतो. सर्व्हर १८१२ क्रमांकाच्या पोर्टवर होकार किंवा नकार देतो आणि १८१३ वर त्या सेशनचा, म्हणजे जोडणी लागल्यापासून तुटेपर्यंतच्या वापराचा, हिशेब ठेवतो. आम्ही प्रत्येक खात्याला एक मॅक बांधून ठेवतो, आणि तोच मॅक दुसऱ्या खात्यावर आधीच ऑनलाइन दिसला तर नव्याने येणाऱ्याला नाकारून त्याचे खाते कुलूपबंद करतो. एकाची जोडणी दोन घरांत वापरली जाऊ नये, हा हेतू. ज्याला नाकारले त्याच्या राउटरवर मात्र ‘ऑथेंटिकेशन फेल’ एवढेच उमटते. का नाकारले, हे त्याला कळत नाही.

या बाईंची जोडणी रोज सकाळी नाकारली जात असे. हेल्पडेस्कवर यासाठी एक बटण आहे, आणि माझ्या मते ते बटण नसते तर हा प्रकार पहिल्याच दिवशी उघडकीला आला असता. कधीकधी राउटर अचानक बंद पडतो, सेशन संपल्याचा संदेश आमच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि मेलेले सेशन नोंदीत जिवंत राहते. अशी लटकलेली सेशन्स त्या बटणाने मोकळी करता येतात. डेस्कवरच्या मुलाने दुसऱ्या खात्यावरचे सेशन लटकलेले समजून बंद दाखवायचे, कुलूप काढायचे, बाईंचे इंटरनेट सुरू व्हायचे आणि तक्रार बंद व्हायची. पण ते दुसरे सेशन खरेच जिवंत होते. आमच्याकडे राउटरच्या वतीने दर दहा मिनिटांनी वापराचा आकडा येतो आणि त्यासरशी बंद दाखवलेली नोंद पुन्हा उघडते. तपासणी फक्त नव्याने जोडणी मागताना होत असल्यामुळे बाईंचे काम दिवसभर निर्वेध चालायचे. दोन्ही घरे आमच्या वेगवेगळ्या उपकरणांमागे असल्याने एकाच मॅकमुळे नेटवर्कवर कसलीही खडखड होत नव्हती. दुसऱ्या घरातले सेशन सलग तीन महिने चालू होते आणि बाईंचे खाते तीन आठवड्यांचे. म्हणून जुना तो खरा आणि नवा तो चोर, असा निष्कर्ष मी काढला.

नवव्या तक्रारीत डेस्कने एक वाक्य जसेच्या तसे लिहिले होते, त्याबद्दल त्या मुलाचे आभारच मानले पाहिजेत: ‘ग्राहक म्हणतात, रात्री झोपताना मी सगळी बटणे बंद करते.’ रोज सकाळीच नकार का, याचे उत्तर त्यात होते. क्लोन कोणाचा, याच्याशी बटणांचा काही संबंध नव्हता. जो रात्री राउटर बंद करतो तो सकाळी उशिरा आलेला ठरतो, एवढेच.

मी बाईंना फोन केला आणि राउटर उलटा करून खालच्या स्टिकरवरची बारा अक्षरे वाचायला सांगितले. त्या भिंग घेऊन आल्या. चौथ्या अक्षराशी थांबून म्हणाल्या, “अहो, हा शून्य आहे की ओ, ते काही कळत नाही.” मॅकमध्ये शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढेच येते, ओ कधीच नसतो, हे मी सांगितले, पण बी आणि आठ यांचा घोळ मात्र त्यांना तीनदा वाचायला लावून निस्तरावा लागला. बाराही अक्षरे जुळली. मग दुसऱ्या घरी फोन केला. तिथल्या स्टिकरवर वेगळाच मॅक होता. पहिली सहा अक्षरे उत्पादकाची असतात, आणि तीसुद्धा वेगळ्याच कंपनीची निघाली. म्हणजे अस्सल उपकरण बाईंकडे होते, आणि नक्कल तीन महिने बिनबोभाट चालली होती.

त्या घरच्यांनाही यातले काही ठाऊक नव्हते. त्यांचा जुना राउटर बिघडला, तंत्रज्ञाने नवा बसवला आणि राउटरमधल्या ‘मॅक क्लोन’ या रकान्यात जुन्याचा मॅक टाकून दिला. जुना राउटर स्टोअरमध्ये गेला, दुरुस्त झाला आणि बाईंच्या घरी लागला. स्टोअरच्या यादीतून तो पहिल्या खात्यावरून उतरला. आमच्या यादीतून उतरला नाही, कारण या दोन याद्या एकमेकींशी बोलत नाहीत.

तंत्रज्ञाला मी जरा चढ्या आवाजातच विचारले. तो शांतपणे म्हणाला, “सर, नवा मॅक बांधायला तुमच्या डेस्कला फोन करावा लागतो. तो चाळीस मिनिटे कोणी उचलत नाही. ग्राहक दारात उभा असतो. आम्ही सगळेच असे करतो.” ‘सगळेच’ या शब्दावर मी त्या संध्याकाळी जुळणारे आणखी मॅक शोधायला बसलो. सापडलेली खाती मी मोजली; तो आकडा इथे लिहीत नाही. नक्कल पकडण्यासाठी बसवलेल्या कुलपाच्या किल्लीसाठी आम्हीच लोकांना रांगेत उभे करत होतो, आणि रांग टाळायला ते नक्कल करत होते.

दुसऱ्या घरातल्या राउटरमधला क्लोन काढून त्याचा खरा मॅक बांधला, बाईंचे कुलूप काढले. त्यांनी एवढेच विचारले, “म्हणजे आता रात्री बंद केला तर चालेल ना?” त्यांच्या नावापुढे काय लिहिले होते, ते मी त्यांना सांगितले नाही. सांगायला हवे होते का, हे अजून ठरवता आलेले नाही.

शेरा पुसता येत नाही. आमच्या नोंदीत फक्त भर घालता येते. त्याखाली मी लिहिले: ‘चूक आमची. उपकरण अस्सल.’ पण शेऱ्यांची यादी जुन्यापासून नव्याकडे लागते, त्यामुळे खाते उघडणाऱ्याला आजही आधी लाल ओळ दिसते. क्रम उलटा करावा, अशी लेखी मागणी मी केली आहे आणि ती विचाराधीन असल्याचे उत्तर आले आहे.