वेताळ टेकडी: तीन तास आणि जेमतेम एक किलोमीटर

मृग लागून चार-पाच दिवस झाले होते. शुक्रवारी आणि शनिवारी, दोन्ही संध्याकाळी पाऊस धो धो कोसळून गेला होता, म्हणून रविवारी पहाटे नऊ वर्षांच्या भाचीला घेऊन वेताळ टेकडीवर गेलो. डोक्यात एकच पक्षी होता, नवरंग. पावसाच्या तोंडावर तो आपल्याकडे वीण घालायला येतो, सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो आणि झुडपाखालच्या पालापाचोळ्यात चरत असल्यानं सहसा दिसत नाही. गेली तीन वर्षं मी त्याची फक्त शीळ ऐकतोय.

बाहेरून येणाऱ्यांसाठी सांगतो, ही टेकडी पुणे शहरातलं सर्वांत उंच ठिकाण आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. वर यायला लॉ कॉलेजची मागची बाजू, गोखलेनगर, चतुःशृंगी, पाषाणची पंचवटी अशा बऱ्याच वाटा आहेत. कॅमेऱ्याचं ओझं असेल किंवा बरोबर लहान मूल असेल, तर पौड रोडवरून एआरएआयच्या (वाहनांवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या) रस्त्यानं रिक्षा करून थेट वर यावं. चढण्यात जाणारी पहाटेची पंचवीस मिनिटं वाचतात, आणि जूनमध्ये तीच मोलाची असतात. सहाच्या सुमाराला उजाडतं, आठनंतर ढग हटले की ऊन पांढरं पडतं आणि फोटोंची चव जाते.

पहिली चूक गाडीतच झाली. येताना एसी चालू होता. कॅमेरा बॅगेतून काढला आणि दमट हवेनं भिंग धुरकटलं. पुसलं की पुन्हा धुरकट. नेमका तेव्हाच एक चातक निष्पर्ण फांदीवर येऊन बसला, काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, अगदी चित्रात काढतात तसा. आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर आलेला पाहुणा, आणि माझ्या हातात रुमाल! तेव्हा एसी बंद ठेवा, नाहीतर कॅमेरा बॅगेतच वीसेक मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या. बॅगेत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या असल्या तर उत्तम.

भिंग स्वच्छ होईपर्यंत पावशाचं ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ ऐकत बसलो. खाली बाभळीत सातभाईंचा कलकलाट चालला होता. पावशा काय किंवा चातक काय, दोघंही आपली अंडी सातभाईंच्याच घरट्यात टाकतात. सातभाई जिथे गोंगाट घालतायत तिथे थोडं थांबून बघावं, कारण हे दोघं आसपास असण्याची शक्यता बरीच असते.

“मामा, थांब. पाय उचलू नकोस!”

भाची उकिडवी बसली होती. माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर मखमली लाल ठिपका चालत होता. मृगाचा किडा! मग दुसरा, मग पाच, मग मोजणं सोडलं. लहानपणी आम्ही हे काडेपेटीत गवत घालून पाळायचो आणि दुसऱ्या दिवशी का मरतात म्हणून रडायचो. भाचीनं पाय मोजले, आठ. म्हणजे म्हणायला किडा, पण खरा कीटक नव्हेच, कोळी आणि गोचिडीच्या नात्यातला जीव. वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली काढतो आणि पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर येतो. (काडेपेटी आणली नव्हती. तिनं विचारलं होतं, मी नाही म्हणालो.)

त्याचा फोटो काढायला महागडी लेन्स लागत नाही. मोबाइलचा मॅक्रो मोड पुरतो, पण मोबाइल जमिनीला टेकवा. वरून काढलेला मृगाचा किडा म्हणजे मातीवर सांडलेलं कुंकू वाटतं. समोरून काढला की पाय दिसतात, अंगावरची लव दिसते. हा लाल रंग कॅमेऱ्याला झेपत नाही, सपाट डाग होतो, म्हणून उजेड मुद्दाम एक पायरी कमी ठेवा. गुडघ्याखाली घालायला जुनी गोणी न्या. मी नेली नव्हती.

खाणीकडे जाताना वारुळातून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडत होती. इथे अर्धा तास कसा गेला कळलं नाही. कोतवाल, वेडे राघू, बुलबुल, एक दयाळ, सगळे एकाच पंगतीला. उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवून मला आजवर काही मिळालेलं नाही. वेडा राघू वाळवी पकडून पुन्हा त्याच फांदीवर येतो. त्या फांदीवर फोकस लावून ठेवावा, शटरचा वेग १/१६०० सेकंदाच्या आसपास आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) वाढवायला लाजू नये. फोटोत दाणे आले तरी चालतात, हललेला पक्षी काही दुरुस्त होत नाही.

टेकडीवरचा बराच भाग गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या) लागवडीनं व्यापलाय. हिरवं दिसतं, पण त्यात मला कधी फारसं काही मिळालेलं नाही. गवताळ मोकळे उतार, बाभळी-बोरींची झुडपं आणि पाणी साठू लागलेली जुनी दगडखाण, तिथेच वेळ घालवावा असं माझं मत. खाणीच्या कडेला मात्र जाऊ नका, पावसात माती ढासळते.

परतताना वाटेच्या वळणावर सरड्याची मादी दिसली. पुढच्या पायांनी माती उकरत होती. आम्ही तीन मीटरवर बसलो आणि पुढची चाळीस मिनिटं हललो नाही. खड्डा झाला, ती उलटी वळली, एकेक पांढरं अंडं खाली गेलं, मग तिनं माती ओढून तोंडानं ठोकून ठोकून जागा इतकी सारखी केली की नंतर मलाच ती सापडेना. मधेच एक आजोबा फिरत आले.

“काय बघताय?”

“सरडा अंडी घालतोय, आजोबा,” भाची कुजबुजली.

त्यांनी काठी काखेत धरली आणि तेही थांबले. आता एक अडचण सांगतो. या चाळीस मिनिटांचे माझ्याकडे चांगले असे चारच फोटो आहेत, कारण शटरच्या आवाजानं ती दोनदा थबकली आणि मी कॅमेरा खाली ठेवला. तुमच्या कॅमेऱ्यात सायलेंट शटर असेल तर ते घरूनच चालू करून या.

याच मोसमात बहुतेकांची वीण चालू असते, म्हणून मोबाइलवर शीळ वाजवून पक्षी बोलावू नका. तो आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून घरटं सोडून भांडायला येतो. आयनॅचरॅलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) नोंद टाकताना घरट्याचं किंवा घोरपडीचं नेमकं ठिकाण लपवण्याची सोय आहे, ती वापरा. कुत्रा घरी ठेवा. पाणी आणि खाऊ बरोबर न्या, आणि वेष्टनं परत आणा.

उतरताना ओढ्याच्या बाजूनं दोन सुरांची शीळ आली. दोघंही थांबलो. पुन्हा आली, जरा लांबून.

“जायचं का बघायला?” मी विचारलं.

“भूक लागलीय.”

सरड्याची अंडी फुटायला दीड-दोन महिने लागतात. भाचीनं घरी गेल्या गेल्या कालनिर्णयवर ऑगस्टचा पहिला रविवार लाल पेननं गोल करून ठेवलाय.