ऑफिसचे फोन सिप ट्रंकवर नेताना: आधी टॅग ब्लॉक उघडा

चार लँडलाइन, जुनं ईपीएबीएक्स (ऑफिसातलं छोटं एक्स्चेंज), सोळा एक्स्टेंशन. सीएचं ऑफिस असो की ट्रान्सपोर्टवाल्याचं, मांडणी साधारण हीच. ती सिप ट्रंकवर, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या फोन लाइनवर, न्यायची ठरली की मालक पहिल्यांदा आयपी फोनचे दर विचारतो. खरं काम जिन्याखालच्या टॅग ब्लॉकपासून, म्हणजे फोनच्या तारांच्या जोड्या जिथे जोडलेल्या असतात तिथून सुरू होतं. प्रत्येक जोडीवर साधा फोन लावून ती कुठे जाते ते कागदावर उतरवा. ‘कोणीच वापरत नाही’ अशी एक लाइन हमखास निघते, आणि तिच्या टोकाला लिफ्टमधला फोन नाहीतर चोरीचा अलार्म असतो.

मग नंबरचा प्रश्न. आपल्याकडे पोर्टेबिलिटी मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. वीस वर्षं पाटीवर, बिलबुकावर छापलेला नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. त्यामुळे सध्याच्याच कंपनीकडे तांब्यावरून फायबरवर जाताना तोच नंबर राहील का, हे लेखी विचारा. नसेल राहत, तर जुनी एक लाइन ठेवून तिच्यावर कॉल फॉरवर्डिंग टाका, निदान या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत.

गेटवे, म्हणजे जुन्या फोन लाइन आणि इंटरनेट यांना जोडणारा डबा, घेताना सगळ्यात जास्त गफलत होते. जुनं ईपीएबीएक्स ठेवून त्याच्या लाइन पोर्टला सिप ट्रंक द्यायची असेल तर एफएक्सएस गेटवे लागतो, कारण तो एक्स्चेंजसारखा व्होल्टेज आणि रिंग देतो. उलट तांब्याची लाइन ठेवून आत आयपी पीबीएक्स (नेटवर्कवर चालणारं ईपीएबीएक्स) बसवायचं असेल तर एफएक्सओ, कारण तो साध्या फोनसारखा एक्स्चेंजची लाइन घेतो. एफएक्सएस पोर्टात चुकून एक्स्चेंजची लाइन खोचली तर पोर्ट जळू शकतो.

एफएक्सओचं दुसरं दुखणं म्हणजे समोरच्यानं फोन ठेवला तरी लाइन अडकून राहते. बरेच गेटवे अमेरिकन टोनच्या सेटिंगवर येतात. आपला एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. तो सेटिंगमध्ये भरला नाही तर गेटवेला कॉल संपल्याचं कळतच नाही. एक्स्चेंजकडून पोलॅरिटी रिव्हर्सल, म्हणजे कॉल संपताच लाइनच्या तारांचे अधिक-उणे उलटणं, मिळालं तर उत्तमच.

इंटरनेटच्या स्पीडची चिंता लोक उगाच करतात. जी.७११ कोडेकवर (आवाजाचा डेटा करण्याची एक पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेला साधारण ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे चार कॉलना ३५० च्या आसपास. आवाज तुटतो तो संध्याकाळी कोणीतरी टॅलीचा बॅकअप क्लाउडवर चढवायला लावतो तेव्हा. अपलोडची रांग तुंबते आणि आवाजाची पॅकेट मागे अडकतात. राउटरवर अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या नव्वद टक्क्यांवर बांधा आणि डीएससीपी ४६ च्या, म्हणजे आवाजाची खूण असलेल्या, पॅकेटना पहिला मान द्या. जिटर (पॅकेट पोचण्याच्या वेळेतला चढउतार) ३० मिलिसेकंदांच्या आत आणि पॅकेट लॉस (हरवलेली पॅकेट) एक टक्क्याखाली असला की पुरे.

आवाज एकाच बाजूनं येत असेल तर आधी राउटरमधलं सिप एएलजी (कॉलच्या पॅकेटमध्ये फेरफार करणारी सोय) बंद करा. कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर फोन बदलत बसू नका. कॉल उचलल्याची पोच, म्हणजे एसीके, नॅटमध्ये (राउटर आतले-बाहेरचे पत्ते बदलतो तिथे) हरवते आणि तेवढा वेळ वाट पाहून पलीकडचा कॉल सोडून देतो.

विजेचा विचार शेवटी होतो, व्हायला हवा आधी. तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजच्या बॅटरीचे ४८ व्होल्ट येतात, म्हणून लाइट गेले तरी साधा फोन वाजतो. फायबरला ही सोय नाही. ओएनटी (फायबर येऊन जोडली जाते तो डबा), राउटर, पीओई स्विच (फोनना नेटवर्कच्याच वायरीतून वीज देणारा) आणि पीबीएक्स हे सगळं बॅकअपवर हवं. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल तर लाइट जाताच ओएनटी रीस्टार्ट होतो आणि फोन पुन्हा रजिस्टर होईपर्यंत ऑफिस मुकं. लिफ्टसाठी सिमवर चालणारा, स्वतःची बॅटरी असलेला फोनच बरा.

फॅक्स लागतच असेल तर टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याची पद्धत) देणारी ट्रंक घ्या. आवाज जास्त दाबणाऱ्या जी.७२९ कोडेकवर फॅक्स जात नाही. बँकेच्या आयव्हीआरला (‘एक दाबा, दोन दाबा’ म्हणणाऱ्या यंत्राला) आकडे कळत नसतील तर डीटीएमएफचं, म्हणजे बटणांच्या टोनचं, सेटिंग आरएफसी २८३३ वर ठेवा.

डायल प्लॅनमध्ये, म्हणजे नंबर कसा फिरवायचा याच्या नियमांत, शून्याचा घोळ ठरलेला. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लागतं आणि ईपीएबीएक्सवर लाइन घ्यायला वेगळं शून्य. दोन शून्यांची ही सवय बोटांत बसलेली असते. नव्या सिस्टिममध्ये एक शून्य, दोन शून्य आणि नुसते दहा आकडे, तिन्ही चालतील असे नियम लिहा.

ट्रंक परवानाधारक कंपनीकडूनच घ्या. एक्स्टेंशन १०१ चा पासवर्ड १०१ ठेवू नका. सिपचा ५०६० पोर्ट (इंटरनेटवरून पीबीएक्समध्ये यायचं दार) जगाला उघडा राहिला की काही तासांत बाहेरून पासवर्ड आजमावणं सुरू होतं, आणि एका रात्रीत आयएसडीचं बिल फुगतं. आयएसडी लागत नसेल तर ते पीबीएक्समध्ये नव्हे, कंपनीकडूनच बंद करून घ्या.

दोन्ही व्यवस्था दोन आठवडे शेजारी-शेजारी चालवा. त्यात एकदा मुद्दाम मेन स्विच पाडून पाहा. मगच जुन्या लाइन सरेंडर करा आणि डिपॉझिटच्या परताव्यासाठी अर्जाची पोच जपून ठेवा.